एक घर पुढे

सप्टेंबर महिन्यात शालेय क्रीडा स्पर्धांचे पत्र आले की आमच्या शाळेत ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते. कबड्डी, खो-खो, धावणे, लांब उडी हे सगळे पी.टी.चे सर आपल्याकडे घेतात. शेवटी एक ओळ उरते: बुद्धिबळ, मुले व मुली. ती ओळ गेली अठरा वर्षे आमच्या वाट्याला येते. 'आमच्या' म्हणजे आम्हा एकट्याच्याच. उर्दू शिकवता शिकवता स्वतःला 'हम' म्हणायची सवय लागली आणि मराठीच्या तासालाही ती सुटली नाही. वाचकांनी माफ करावे.

बुद्धिबळ आम्हाला आमच्या मरहूम वालिदांनी शिकवले. खाडीकाठच्या आमच्या गावात त्यांचे शिलाईचे दुकान होते. दुकानाच्या ओट्यावर दुपारी कापडी पट अंथरला जाई. घरे शिवणयंत्रावर शिवलेली, एक खाकी आणि एक पांढरे, शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या कापडाची. खेळ देशी पद्धतीचा. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार. राजाला आजच्यासारखा किल्लेकोट नाही. त्याऐवजी साऱ्या डावात एकदाच, आणि तोपर्यंत शह बसला नसेल तरच, घोड्यासारखी उडी मारायची सवलत. प्याद्याने मात दिली तर वालिद त्या दिवशी खेळणाऱ्या दोघांनाही चहा पाजत.

आमच्या दादींना हा खेळ पसंत नव्हता. शतरंजविषयी उलमांमध्ये फार जुने मतभेद आहेत, ते येथे उगाळण्याची आमची लायकी नाही. पैसे लावून खेळणे हराम, यावर मात्र कोणाचे दुमत नाही. वालिदांनी ओट्यावर दोन नियम केले होते. पैजेचे नाव काढायचे नाही, आणि असरची अजान झाली की हात जिथे असेल तिथून उचलायचा. मग पटावर एक चादर टाकून सगळे मशिदीत जात. परत येऊन चादर काढली की सोंगट्या होत्या तशाच असत. इतक्या वर्षांत चादरीखाली कोणी एक प्यादेही सरकवले नाही. बुद्धिबळातली आमची पहिली शिकवण तीच.

आता ज्या डावाविषयी सांगायचे आहे तो आमच्या ओट्यावरचा नाही. तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज या गावी झाला. १९३० साल संपून १९३१ उजाडत होते. हेस्टिंग्जला दरवर्षी नाताळनंतर मोठी स्पर्धा भरते. त्या वर्षी पटाच्या एका बाजूला होते क्यूबाचे होजे राऊल कापाब्लांका. १९२१ ते १९२७ ते जगज्जेते होते आणि डाव हरणे म्हणजे काय हे ते जवळजवळ विसरले होते, इतका त्यांचा लौकिक. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसले होते पंजाबच्या मिठा टिवाणा गावचे पंचविशीचे मीर सुलतान खान.

सुलतान खान आपल्या वडिलांकडून नवव्या वर्षी खेळ शिकले, तोही देशी पद्धतीचा. पंजाबचे बडे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आश्रय दिला. युरोपी नियम ते विशीत आल्यावर शिकले. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, १९२९ मध्ये सर उमर यांच्याबरोबर विलायतेला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. ऑलिम्पियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघाकडून पहिल्या पटावर खेळले. इंग्रजी पुस्तकांत त्यांना सर उमर यांचा नोकर म्हटले गेले. त्यांच्या कुटुंबीयांना हे मान्य नाही. आमचे घराणे जमीनजुमल्याचे आणि पीरांचे होते, असे ते सांगतात. मनुष्य कोण होता हे ज्याने लिहून ठेवले त्याच्या शब्दात राहते, ही गोष्ट आम्ही तेव्हा वाचली आणि सोडून दिली. नंतर ती आम्हाला वेगळ्या कारणाने आठवली.

डाव सुरू झाला. सुलतान खान यांनी राजाकडचा घोडा बाहेर काढला, मग वजिरासमोरचे प्यादे डी४ वर आणि त्याच्या शेजारचे सी४ वर. कापाब्लांकांनी घोडा काढला, बी६ ला प्यादे एक घर सरकवले आणि तिथल्या मोकळ्या जागेत, बी७ वर, उंट नेऊन बसवला. तिथून तो लांब तिरक्या रेषेवर नजर ठेवतो. या मांडणीला क्वीन्स इंडियन डिफेन्स म्हणतात, म्हणजे वजिराच्या बाजूचा भारतीय बचाव. यातल्या 'भारतीय' शब्दाचीही एक हकिकत आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी पुष्कळ डाव खेळले. बॅनर्जी देशी पद्धतीत वाढलेले. प्यादे एकाच घराने पुढे टाकायचे आणि त्यामागे उंट लपवायचा, ही त्यांची रीत. युरोपला ती नवी वाटली, आणि अशा बचावांना 'इंडियन' नाव पडले. म्हणजे हेस्टिंग्जला गंमत अशी झाली की क्यूबाचा माणूस भारतीय बचाव खेळत होता आणि भारताचा माणूस तो फोडायला बसला होता.

पाचव्या चालीला सुलतान खान यांनी जे केले ते पाहून नवखा माणूस म्हणेल, यात काय आहे? त्यांनी डाव्या टोकाचे प्यादे एक घर पुढे टाकले. ए३. बस.

पण त्या एका घराचा अर्थ मोठा आहे. पांढऱ्याचा घोडा सी३ वर आलेला असतो आणि त्याची पटाच्या मध्यावर पकड असते. काळ्याला आपला दुसरा उंट बी४ वर आणून त्या घोड्याला जखडायचे असते. उंट तिथे बसला की घोडा हलवता येत नाही, कारण त्याच्या मागच्या तिरक्या रेषेत खुद्द राजा उभा असतो. ए३ चे प्यादे बी४ या घरावर पहारा देते. उंटाला दार बंद. कोणाला मारले नाही, कोणावर चाल केली नाही; आपल्या घोड्याला बांधून घेऊ दिले नाही एवढेच.

पुढचा डाव पाहण्यासारखा आहे. सुलतान खान यांनी किल्लेकोट केलाच नाही. राजा मध्येच उभा ठेवून त्यांनी उजव्या टोकाची प्यादी पुढे लोटली. कापाब्लांकांनी दोन्ही हत्ती सी पट्टीवर आणून एकविसाव्या चालीला एक हत्ती थेट शेवटच्या ओळीत घुसवला आणि शह दिला. राजा एक घर वर सरकला. पुन्हा दुसऱ्या हत्तीचा शह. या धुमश्चक्रीत सुलतान खान यांनी आपला वजीर दिला आणि बदल्यात दोन्ही हत्ती घेतले. सोंगट्या उतरल्या तेव्हा काळ्याकडे वजीर होता आणि पांढऱ्याकडे दोन हत्ती. कागदावर हिशेब साधारण बरोबरीचा. पण वजीर एकटा होता आणि हत्ती दोघे होते. एकटा वजीर धावाधाव फार करतो, शह देतो, या टोकाहून त्या टोकाला जातो. दोन हत्ती मात्र एकमेकांना धरून पाऊल टाकतात. पुढच्या चाळीस चालींत सुलतान खान यांनी कसलीही घाई केली नाही. राजा सुरक्षित केला, हत्ती जोडले, फट शोधत राहिले. पासष्टाव्या चालीला पांढऱ्याचा विजय झाला. त्या स्पर्धेत हॉलंडचे माक्स युवे पहिले आले, कापाब्लांका दुसरे, सुलतान खान तिसरे. पुढे कापाब्लांकांनी स्वतः त्यांच्या प्रतिभेला असामान्य म्हटले. परक्या हवेत मलेरिया, सर्दी आणि घशाचे दुखणे सोसत, ज्या भाषांत बुद्धिबळाची पुस्तके होती त्या न वाचता हा माणूस खेळत होता.

हा डाव आम्हाला लॉकडाऊनच्या काळात सापडला. शाळा बंद, मोबाइलवर तास, आणि रात्री झोप नाही. एका रात्री आम्ही वालिदांचा पट काढला आणि पासष्ट चाली मांडून पाहिल्या. त्याच रात्री सुलतान खान यांच्याविषयी आणखी एक गोष्ट वाचली. १९३३ साल संपता संपता ते सर उमर यांच्याबरोबर मायदेशी परतले आणि स्पर्धांतून कायमचे गेले. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या मुलांना हा खेळ शिकवला नाही. आयुष्यात काहीतरी अधिक उपयोगाचे करा, असे ते मुलांना म्हणत.

ते वाचून आम्ही पट गुंडाळून ठेवला. कारण हेच शब्द आम्ही एकदा वापरले होते, आणि आपल्या मुलासाठी नव्हे, दुसऱ्याच्या मुलासाठी.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीत एक मुलगा होता. वडील रिक्षा चालवीत. मुलगा वर्गात मागे बसे, गणितात बरा, बाकी जेमतेम. एकदा मधल्या सुट्टीत आम्ही दोन मुलांचा डाव पाहत होतो. हा मागून येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, चार चालींत मात आहे." होती. आम्हाला दिसली नव्हती. तीन महिन्यांत तो शाळेत सगळ्यांना हरवू लागला, आम्हालाही. चाली लिहिण्याची पद्धत आम्ही शिकवली, पण इंग्रजी अक्षरांत त्याचा गोंधळ होई. मग त्याने आपलीच पद्धत काढली. पट्ट्यांना अलिफ, बे, जीम, दाल अशी नावे दिली आणि उजवीकडून डावीकडे वही भरायला लागला. आम्हीही म्हटले, लिही, वाचता आले म्हणजे झाले.

जिल्ह्याच्या स्पर्धेत तो दुसरा आला. शेवटचा डाव हरला नसता तर पहिला आला असता. विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. त्या संध्याकाळी त्याचे वडील शाळेच्या फाटकाशी रिक्षा उभी करून आले. हात पुसत पुसत त्यांनी विचारले, "सर, तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा, याचं यात काही होणार आहे का?"

आम्ही त्या वर्षी दहावीच्या निकालासाठी हेडमास्तरांची बोलणी खाल्लेली. शिवाय मुलाला घेऊन घाटावर जायचे म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम, रजेचा अर्ज, खर्चाची भानगड. हे सगळे डोक्यात होते आणि तोंडातून निघाले ते शहाणपण. आम्ही म्हणालो, "खेळाने पोट भरत नाही. अभ्यासाला लावा. काहीतरी उपयोगाचे करू दे."

वडिलांनी मान हलवली. त्यांना हेच ऐकायचे होते की याच्या उलट, हे आम्ही विचारले नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी वही आमच्या टेबलावर ठेवून गेला. दहावीला त्रेपन्न टक्के पडले. मग आयटीआय, मग शारजा. एसी दुरुस्तीचे काम करतो. घर बांधले, बहिणींची लग्ने केली. उपयोगाचे काही केले नाही असे कोण म्हणेल? आमचा शब्द खोटा ठरला नाही. तरीही तो आम्हाला टोचतो. याचे कारण असे की आम्ही मुलाकडे पाहून उत्तर दिले नव्हते, आपल्या सोयीकडे पाहून दिले होते.

आता या सप्टेंबरकडे येऊ. यंदा नववीतली एक मुलगी खेळायला तयार झाली. नाव लिहीत नाही, तिच्या अम्मांनी नको म्हटले आहे. वडील आखातात, आई घरी शिलाई करते. मुलगी अबोल. पटावर बसली की स्कार्फचे टोक बोटाला गुंडाळत राहते, आणि टोक सुटले की समजावे, चाल ठरली. आम्ही तिला फार काही शिकवू शकलो नाही, कारण आम्हालाच फार येत नाही. शहरातल्या मुलांना वर्ग असतात, संगणक असतो. आमच्याकडे होता एक डाव. आम्ही तिला तोच डाव दिला. आठ दिवस रोज थोडा थोडा. पाचव्या चालीला ती थांबली आणि म्हणाली, "सर, हे प्यादं एकच घर का गेलं? दोन जाऊ शकत होतं ना?"

"दोन गेलं असतं तर काय झालं असतं?"

तिने दोन घरे टाकून पाहिले. प्यादे ए४ वर गेले. काळा उंट बी४ वर येऊन बसला. घोडा जखडला. तिने उंट परत ठेवला, प्यादे परत ठेवले, एक घर पुढे टाकले आणि काही बोलली नाही. त्या दिवशी आम्हाला वालिदांचा ओटा आठवला. तिथे कोणतेच प्यादे दोन घरे गेले नव्हते.

जिल्ह्याच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत तिची गाठ शहरातल्या एका मुलीशी पडली. ती मुलगी प्रशिक्षकांबरोबर आली होती, स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःचे पेन, सगळे टापटीप. आमचीकडे पांढऱ्या सोंगट्या. समोरून बी६, मग उंट बी७. आम्ही पालकांच्या दोरीमागे उभे होतो. आमचीने स्कार्फचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, आणि टोकाचे प्यादे एक घर पुढे टाकले.

समोरची मुलगी क्षणभर थांबली. नंतर डाव बराच वेळ आमच्या बाजूने होता. एक प्यादे वर होतो. पण शेवटी हत्तीच्या डावात घड्याळ कमी पडले, प्यादे परत गेले आणि बरोबरी झाली. आमची मुलगी चौथी आली. विभागीय स्पर्धेसाठी पाच मुली निवडल्या, त्यात तिचे नाव आले.

डाव संपल्यावर त्या प्रशिक्षकांनी आपुलकीने येऊन आमचीला म्हटले, "पेट्रोशियन व्हेरिएशन छान खेळलीस. कोणाकडे शिकतेस?" तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहिले.

एसटीत तिने विचारले, "सर, पेट्रोशियन कोण?"

आम्ही सांगितले. तिग्रान पेट्रोशियन, तिफ्लिसला जन्मलेले आर्मेनियन. लहानपणी अनाथ झाले, रस्ते झाडण्याचे काम केले, आणि १९६३ मध्ये जगज्जेते झाले. ए३ ही चाल त्यांनी पुन्हा पुन्हा खेळून दाखवली, पुढे कास्पारोव्हनेही तिचा मोठा वापर केला. म्हणून चालीला पेट्रोशियन यांचे नाव.

"पण सुलतान खान आधी खेळले ना?"

"आधी. तेव्हा पेट्रोशियन दीड वर्षाचे होते."

"मग नाव त्यांचं का नाही?"

ही चाल सुलतान खान यांनीच शोधली असा आमचा दावा नाही. त्यांच्या आधीही कोणी खेळले असेल. पण मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे होते. आम्ही म्हणालो, "बेटा, नाव खेळत राहणाऱ्याला मिळतं. सुलतान खान चार-साडेचार वर्षं खेळले आणि परत आले. आपल्या चाली का खेळलो हे त्यांनी कुठे लिहिलं नाही. पेट्रोशियन खेळत राहिले, लोक लिहीत राहिले." मग तिला बरे वाटावे म्हणून हेही सांगितले की फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने सुलतान खान यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला. त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "उशीर झाला." तेवढेच.

घरी पोचवायला गेलो तर अम्मा ओट्यावर उभ्या होत्या. निवडीची बातमी ऐकून माशाअल्लाह म्हणाल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिला आत पाठवले आणि आवाज खाली केला. "सर, घाटावर जायचं. दोन रात्री. मुलीची जात. मोहल्ल्यात लोक बोलतील. आणि तुम्हीच सांगा, याचा पुढे उपयोग काय?"

तोच प्रश्न. तेरा वर्षांनी तो पुन्हा आमच्यासमोर उभा होता, आणि या वेळीही डोक्यात रजेचा अर्ज होता, हे आम्ही कबूल करतो.

आम्ही म्हणालो, "उपयोगाचं वचन मी देऊ शकत नाही. ती ग्रँडमास्टर होईल असं सांगितलं तर खोटं होईल. दहावीचा अभ्यास बुडू देणार नाही, हे वचन देतो. आमच्या घरातूनही सोबत येतील, मुली त्यांच्या खोलीत झोपतील. बाकी एक गोष्ट सांगतो, मग तुम्ही ठरवा." आणि आम्ही त्यांना मिस फातिमा यांची हकिकत सांगितली. सर उमर यांच्याच परिवारातल्या या मुलीने १९३३ मध्ये हेस्टिंग्जला महिलांचे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी, त्याच गावी सुलतान खान यांनी आपले तिसरे अजिंक्यपद जिंकले होते. नव्वद वर्षांपूर्वी, साता समुद्रापार, फातिमा नावाची मुलगी.

अम्मांनी विचारले, "मग पुढे तिचं काय झालं?"

"मायदेशी परतल्या. त्यानंतर स्पर्धांत नाव दिसत नाही."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. आम्हाला वाटले, ही हकिकत सांगायला नको होती. मग त्या म्हणाल्या, "कोणी विचारलंच नसेल तिला, खेळायचं आहे का." आणि आत वळून हाक मारली, "अगं, तुला जायचं आहे का?"

आतून उत्तर यायला एक क्षणही लागला नाही.

त्याच रात्री आम्ही कपाट उपसले. परीक्षेच्या जुन्या याद्यांखाली ती वही मिळाली. पाने पिवळी, पण अक्षर स्वच्छ. अलिफ, बे, जीम, दाल. शेवटचा डाव पूर्ण लिहिलेला होता, हरलेला. पानांचे फोटो काढून शारजाला पाठवले आणि खाली लिहिले, "त्या वेळी तुझ्या वालिदांना उत्तर देताना आम्ही चुकलो. तुला न विचारता बोललो. माफ कर." पाठवण्याआधी तीन वेळा खोडले. शिक्षकाला विद्यार्थ्याची माफी मागायची सवय नसते.

दोन दिवस उत्तर नाही. शुक्रवारी, तिकडे सुट्टी असते तेव्हा, संदेश आला. "सर, असं काही मनात ठेवू नका. तुम्ही हो म्हटलं असतं तरी अब्बा पाठवणार नव्हते, तेव्हा घरात पैसेच नव्हते. पण वही ठेवलीत, याचं फार बरं वाटलं." पहिले वाक्य खरे होते की आमच्यासाठी होते, हे आम्ही विचारले नाही. कोणी मोठ्या मनाने माफ केले तर त्याची उलटतपासणी करू नये.

विभागीय स्पर्धेत आमची मुलगी सहापैकी तीन गुण घेऊन परतली. राज्य पातळीवर निवड झाली नाही. निघताना अम्मांनी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुके बांगडे दिले होते, आणि आम्हाला एकच सूचना केली होती, "हरली तर ओरडू नका." ओरडण्याचे कारण पडले नाही. परतीच्या एसटीत ती हरलेले डाव वहीतून पुन्हा मांडत होती, मांडीवर छोटा चुंबकी पट घेऊन. घाटाच्या वळणावर बाकी सगळ्यांच्या पोटात ढवळत होते, हिचे लक्षही नव्हते. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या वर्गात सात मुली आणि चार मुले बसतात. असरची अजान झाली की वालिदांसारखी आम्ही चादर टाकतो. अजून तरी कोणी चादरीखाली प्यादे सरकवलेले नाही.

परवा शारजाहून आणखी एक संदेश आला. "सर, तो शेवटचा डाव मोबाइलवर लावला. तेरा वर्षं वाटत होतं की मी हरणारच होतो. पण एकतिसाव्या चालीला हत्ती दाल पट्टीवर आणला असता तर जिंकलो असतो. त्या मुलीला दाखवा."

आम्ही शनिवारी डाव मांडला आणि तिला दाखवला. तिने स्कार्फचे टोक बोटाला गुंडाळले, बराच वेळ पाहिले आणि सोडले.

"सर," ती म्हणाली, "त्यांना सांगा, घोडा पण चालला असता."